मी, व्हर्ला आणि हद्दीचा दगड

दचकू नका, मित्रांनो. मी एक जुना खटक्याचा चाकू आहे. माझ्या मुठीवरचं बटण दाबलं की पातं 'खट्ट' करून आपोआप बाहेर येतं, आणि तेवढ्या एका आवाजापायी माझी सगळी जात गुंडांच्या यादीत जाऊन बसली. आजवर मी दोऱ्या कापल्या, पट्टे कापले, वेली कापल्या आणि पीचची फळं तर किती चिरली ते विचारूच नका. माणसाच्या अंगाला लागलो तो एकदाच, ओटो नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याला, आणि चूक त्याची होती. तरीसुद्धा मी बारा दिवस पोलिसांच्या पाकिटात काढले आहेत. ते बारा दिवस कसे संपले, हे सांगताना आजही माझी स्प्रिंग ताठ होते.

माझा जन्म ओरेगॉन राज्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, मला पन्नास वेळा उघडून-मिटून पाहिलं आणि 'चांगला आहेस' असं म्हणून खोक्यात ठेवलं. पातं पावणेतीन इंच, मूठ गडद हिरवी. तिथून कायद्याच्या कोणकोणत्या आडवाटांनी मी टेक्ससपर्यंत पोचलो, ते मला ठाऊक नाही. खोक्यात अंधार होता.

टेक्ससने माझ्यावरची बंदी नुकतीच उठवली होती. शेतीसामानाच्या एका दुकानात मी काचेखाली पडून होतो. लोक यायचे, मला उघडायचे, एकमेकांकडे बघून डोळे मिचकावायचे आणि ठेवून द्यायचे. मला त्याचा फार राग येई. मी खेळणं नव्हतो. पण काम देणारा हात भेटेपर्यंत गप्प बसण्यावाचून माझ्या हाती काही नव्हतं.

तो हात २०१४ सालच्या मे महिन्यात भेटला. व्हर्ला पेनर, वय वर्षं चव्वेचाळीस, उन्हाने तांबूस झालेली, समोरचा एक दात अर्धा तुटलेला. तिला एकच हात होता. एकोणिसाव्या वर्षी गवताच्या गाठी बांधणाऱ्या यंत्राने तिचा डावा हात खांद्यापासून नेला आणि जाताजाता उजव्याचा अंगठाही आखडून ठेवला. त्या अंगठ्याने खाली दाबता येई, बाजूला सरकवता येत नसे. त्यामुळे साधा घडीचा चाकू ती दातांनी उघडायची. तो अर्धा दात त्यातच गेला होता.

तिने माझं बटण दाबलं. खट्ट! मग माझी पाठ मांडीवर टेकवून, बटण दाबून धरून, एका हाताने मला मिटवलं. पुन्हा खट्ट. सात वेळा. दुकानदार हसून म्हणाला, "बाई, आता घेऊन तरी टाका. दमला बिचारा."

"दमू दे," व्हर्ला म्हणाली. "पंचवीस वर्षं मी दमलेय." आणि मी तिच्या उजव्या खिशात गेलो.

व्हर्लाचे वडील ओटो हे कापणीवाले. म्हणजे असं, मित्रांनो, की गहू दक्षिणेत आधी पिकतो आणि उत्तरेत मागाहून. तेव्हा ही मंडळी तीन हार्वेस्टर, ट्रक आणि चाकांवरची घरं घेऊन मे महिन्यात टेक्ससला निघतात, लोकांची शेतं कापत कापत वर सरकतात आणि सप्टेंबरात मोंटानाला पोचतात. ओटो बहात्तर वर्षांचा, नाकावर माशी बसू न देणारा. त्याच्या खिशात त्याच्या बापाचा दोन पात्यांचा घडीचा चाकू होता आणि जगात तेवढा एकच चाकू खरा, असं त्याचं मत होतं. मला पाहून तो म्हणाला, "हे काय आणलंस गं? सिनेमातल्या गुंडाचं खेळणं?"

"माझा दुसरा हात आहे, बाबा."

"दुसरा हात! मग दर राज्यात तो वेगळा का असतो, ते विचार त्याला."

ओटोने वर्तमानपत्रांतली कात्रणं बाहेर काढली. तिरसट असला तरी कायद्याला तो फार जपायचा. टेक्ससमध्ये मी खिशात चालत होतो. ओक्लाहोमात मला घरात ठेवता येई, पण अंगावर बाळगलं की गुन्हा. पुढे कॅन्ससमध्ये पुन्हा खिशात, कारण त्यांनीही आदल्याच वर्षी बंदी उठवलेली. नेब्रास्का, साउथ डकोटा, तिथेही खिशात. आणि अगदी शेवटी मोंटानात परत गुन्हेगार. राजधानी वॉशिंग्टनमध्ये झालेल्या देशभरच्या कायद्यात मात्र एका हाताच्या माणसाला तीन इंचांपर्यंतचा खटक्याचा चाकू बाळगायची सवलत लिहिलेली होती. व्हर्लाला वाटलं, सुटलो! ओटोने चष्म्यावरून पाहिलं. "वॉशिंग्टनचं वॉशिंग्टनला. ओक्लाहोमाचा शेरीफ वॉशिंग्टनला विचारून जेवत नाही."

तेव्हापासून ताफ्यात एक नवी रीत पडली. राज्याची हद्द आली की ओटो सगळ्यांत पुढचा ट्रक बाजूला घ्यायचा, लांबलचक भोंगा वाजवायचा आणि ओरडायचा, "खिसे!" सगळी खाली उतरायची. बीरॉक वाटले जायचे, म्हणजे आत खिमा आणि कोबी भरलेले पाव. आणि खात खात व्हर्ला मला खिशातून काढून चाकांवरच्या घरातल्या चमच्यांच्या खणात ठेवायची, नाहीतर खणातून खिशात. टेक्सस आणि ओक्लाहोमाच्या हद्दीवरची रेड नदी ओलांडली त्या दिवशी मी पहिल्यांदा खणात गेलो. चमचे फार बडबडे असतात हे मला तिथे कळलं.

ओक्लाहोमातले तीन आठवडे व्हर्लाने पुन्हा दातांवर काढले. ओटो बघत होता. एका संध्याकाळी बर्फाचा चहा पिता पिता तो म्हणाला, "व्हर्ला, यंदा मला ठरवायचंय. माझे गुडघे संपले. ताफा तुझ्या हाती द्यायचा, नाहीतर शरदात सगळी यंत्रं लिलावात काढायची. आणि जिला दर दुसऱ्या राज्यात हात नसतो, तिच्या भरवशावर मी माणसं सोडू कशी?"

 मी खणात होतो आणि खण व्हर्लाच्या पाठीशी होता. तिने टेबलावर मूठ आपटली तेव्हा सगळे चमचे एकदम गप्प झाले.

जूनच्या अखेरीला आम्ही होल्कमबाईंच्या शेतावर आलो. त्या शेताची गंमत अशी की त्याचा मोठा भाग ओक्लाहोमात आणि उत्तरेकडची एक पट्टी कॅन्ससमध्ये होती. हद्द कुठे, हे तिथल्या कापणीवाल्यांना झोपेतही सांगता येतं, कारण गव्हात मधोमध हद्दीचा जुना दगड आहे. गहू वाढला की तो दिसत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याच्या यंत्राचे दाते मोडतात. ओटोचे १९७१ साली मोडले होते. तेव्हापासून तो दगडाला नावाने हाक मारल्यासारखा शिव्या घालायचा. त्याने शेत वाटून दिलं. दक्षिणेकडचं ओक्लाहोमा त्याचं आणि दगडाच्या उत्तरेची पट्टी व्हर्लाची. भोंगा वाजला, "खिसे!" झालं आणि मी चमच्यांचा निरोप घेतला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या पट्टीच्याही उत्तरेला एक रस्ता आहे. त्याचं नावच मुळी राज्यसीमा रस्ता. पण वाटेत घळ लागते म्हणून तो रस्ता तिथे वळून कॅन्ससमध्ये शिरतो आणि मैलभराने परत हद्दीवर येतो. दाते मोडणाऱ्यांना हे ठाऊक असतं. गाडीतून जाणाऱ्यांना ठाऊक असायचं काही कारण नाही.

त्या दुपारी व्हर्लाच्या हार्वेस्टरच्या चक्राला चांदवेल गुंडाळली गेली. तिने यंत्र बंद केलं, खालचं दार उघडून तुंबलेले दाणे जमिनीवर मोकळे केले आणि मला बाहेर काढलं. खट्ट! काय सांगू मित्रांनो, तीन आठवड्यांचा उपास सुटल्यासारखा मी त्या वेलीवर तुटून पडलो. तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली आणि ओक्लाहोमाचा एक डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, धसकटं तुडवत आला. ट्रॅव्हिस गेंट्री त्याचं नाव, पोरसवदा चेहरा, वर्दीची घडीही मोडलेली नव्हती. खरं तर तो मदत लागते का, हे विचारायला आला होता. पण त्याने माझा आवाज ऐकला.

"बाई, ते काय आहे हातात?"

"चाकू."

"खटक्याचा आहे. ओक्लाहोमात अंगावर बाळगता येत नाही तो."

"ओक्लाहोमा तिकडे," व्हर्लाने हनुवटीने दक्षिण दाखवली. "दगडाच्या पलीकडे."

"कुठला दगड?" त्याने पाहिलं. दक्षिणेला न कापलेला गहू कमरेएवढा उभा होता. "बाई, राज्यसीमा रस्ता माझ्या पाठीमागे आहे. आपण त्याच्या दक्षिणेला आहोत. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल."

"शाळेतल्या पोराने कधी गहू कापलाय का?"

हे ती बोलायला नको होती. ट्रॅव्हिसचे कान लाल झाले. सांडलेल्या दाण्यांच्या ढिगात उभं राहूनच त्याने कोर्टात हजर राहण्याची चिठ्ठी लिहिली आणि मला खाकी पाकिटात घातलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं. कुठल्यातरी गुंडांच्या पापाने एक वेल कापणारा चाकू कैदेत गेला. वेल अर्धीच कापून झाली होती, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं.

पुढे काय झालं ते मला मागाहून कळलं. व्हर्लाच्या खिशात बसलं की सगळं ऐकू येतं. ओटो संतापला, पण ट्रॅव्हिसवर नाही. "गुन्हा कबूल कर, दंड भर आणि चल. गहू थांबत नाही. त्या खेळण्याचा ते चुरा करतील, करू देत."

"मी ओक्लाहोमात नव्हतेच, बाबा. तुम्हालाही माहीत आहे."

"मला माहीत असून काय होतंय? शरदात लिलाव. संपलं."

ताफा दोनशे मैल उत्तरेला गेला. व्हर्ला दिवसभर कापणी करायची आणि वेल गुंडाळली की दातांनी चाकू उघडायची. तिचा तुटका दात आणखी थोडा तुटला. बाराव्या दिवशी पहाटे ती एकटीच पिकअप घेऊन खाली कोर्टाला निघाली.

कोर्टात मला पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा डोळ्यांवर उजेड आला. जज्ज ॲशक्राफ्ट या पिकल्या केसांच्या बाई होत्या. शेजारी त्यांची गवती टोपी पडली होती. त्यांनी मला उचललं, वजन पाहिलं आणि खाली ठेवलं. मग ट्रॅव्हिसला विचारलं, "डेप्युटी, तुमच्याकडे घडीचा चाकू असेल. काढा. डावा हात खिशात घाला. अंगठा मुठीत. आता उघडा."

ट्रॅव्हिसने प्रयत्न केला. चाकू दोनदा खाली पडला. शेवटी बिचाऱ्याने तो तोंडाकडे नेला, आणि व्हर्लाच्या दाताकडे बघून तिथेच थांबला. बाकांवर कोणीतरी हसलं. ट्रॅव्हिस हसला नाही. त्याने मान खाली घातली.

"हे मी माझ्या माहितीसाठी केलं," जज्जबाई म्हणाल्या. "दया हा काही कायदा नव्हे, पेनरबाई. ओक्लाहोमात बाळगला असेल तर गुन्हा आहे. नसेल तर मला बोलायचाच अधिकार नाही. दगड, दगड म्हणताय. त्या दगडाला कोणी साक्षीदार आहे?"

"मी आहे," मागून खरखरीत आवाज आला. "त्याने माझे दाते मोडलेत."

दारात ओटो उभा होता. अंगावर गव्हाचा भुसा, हातात टोपी. सुगीच्या भरात, तीन हार्वेस्टर दुसऱ्यांवर सोडून, दोनशे मैल आला होता. व्हर्लाने मागे वळून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"गहू थांबत नाही म्हणालात ना, बाबा?"

"नाहीच थांबत. म्हणून लवकर उरका."

हातच्या काकणाला आरसा कशाला? जज्जबाईंनी टोपी डोक्यावर घातली आणि दुपारच्या सुट्टीत सगळे होल्कमबाईंच्या शेतावर गेले. मी पाकिटातून, ट्रॅव्हिसच्या हातात. पाकिटाचं तोंड उघडं होतं, ही देवाची कृपा. शेत आता कापून सपाट झालं होतं. ओटो गुडघे चोळत धसकटांतून सरळ चालत गेला, कुठे थांबला नाही, कुठे शोधलं नाही, आणि एका जागी त्याने बुटाने ठक् केलं. गुडघाभर उंचीचा करडा दगड. एका बाजूला कॅन्ससचं अक्षर, दुसऱ्या बाजूला ओक्लाहोमाचं.

"अजून तस्साच आहे मेला," ओटो मायेने म्हणाला.

"हद्द मान्य," जज्जबाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी यंत्र उभं होतं कुठे? इथे सगळीकडे धसकटंच आहेत."

  तेव्हा ट्रॅव्हिस, ज्याने मला पकडलं तोच ट्रॅव्हिस, उत्तरेकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "तिथे."

दगडाच्या पलीकडे, चाळीस पावलांवर, पिवळ्या धसकटांत एक हिरवागार ठिपका होता. व्हर्लाने मोकळे केलेले दाणे मधल्या पावसात भिजून उगवले होते. बोटभर कोवळा गहू.

"मी त्या ढिगातच उभा राहून चिठ्ठी लिहिली होती," ट्रॅव्हिस म्हणाला. "दोन दिवस बुटांतून दाणे निघत होते. जज्जसाहेब, ही जागा तीच आहे. चूक माझी झाली."

त्याला गप्प राहता आलं असतं. मूग गिळून बसणारे मी पुष्कळ पाहिलेत. म्हणून सांगतो, मित्रांनो, ट्रॅव्हिस गेंट्रीबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

जज्जबाई त्या हिरव्या ठिपक्यापर्यंत चालत गेल्या. वाकून एक कोंब उपटला, नाकाशी धरला. "मी आत्ता कॅन्ससमध्ये आहे. इथे मला कोणी जज्ज म्हणत नाही. इथे मी एक म्हातारी आहे, जिला ऊन लागतंय." मग त्या दगडापाशी परत आल्या आणि त्याच्या दक्षिणेला येऊन उभ्या राहिल्या. "आता म्हणतात. खटला रद्द. चाकू परत करा."

ट्रॅव्हिसने मला व्हर्लापुढे धरलं. तीही दक्षिणेलाच उभी होती.

"अहो, इकडे नको!" जज्जबाई ओरडल्या. "इकडे दिलात तर मला संध्याकाळी पुन्हा कोर्ट भरवावं लागेल. पलीकडे नेऊन द्या!"

सगळे हसले, ओटोसुद्धा. ट्रॅव्हिसने दगड ओलांडला, व्हर्लाने दगड ओलांडला, आणि कॅन्ससच्या उन्हात मी तिच्या तळहातावर आलो. तिने हात उंच केला. खट्ट! माझ्या उभ्या आयुष्यात मी इतक्या जोराने कधी उघडलो नाही. त्या मोकळ्या रानात तो आवाज दोन्ही राज्यांना ऐकू गेला असणार.

ओटोने खिशातून ताफ्यातल्या सगळ्यांत पुढच्या ट्रकच्या किल्ल्या काढल्या आणि तिच्या पिकअपच्या टपावर ठेवल्या. "लिलावाचं बघू नंतर," तो म्हणाला. "आज मी तुझ्या मागून येतो."

लिलाव झालाच नाही. पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरात ओक्लाहोमाने माझ्यावरची बंदी उठवली. त्यानंतरच्या मेमध्ये व्हर्ला सगळ्यांत पुढचा ट्रक चालवत होती. रेड नदी आली, तिने ट्रक बाजूला घेतला, लांबलचक भोंगा वाजवला आणि खिडकीतून डोकं काढून ओरडली, "खिसे!" सगळी उतरली, बीरॉक वाटले गेले. तिने फक्त खिशावर थाप मारली आणि मला आतच ठेवलं. २०१९ साली मोंटानानेही दार उघडलं. तेव्हापासून टेक्ससपासून मोंटानापर्यंत, गहू जिथे जिथे पिकतो त्या आमच्या सगळ्या वाटेवर, मी एकदाही खणात गेलेलो नाही. चमचे म्हणतात मी चढेल झालो. झालोच आहे.

आता माझ्या मुठीचा हिरवा रंग कडांना उडालाय. पातं धार लावून लावून बारीक झालंय. व्हर्ला दर रविवारी माझ्या पोटातला भुसा फुंकून काढते, तेलाचा एक थेंब घालते आणि मला तळहाताच्या फोडासारखं जपते. मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं जुनं अवजार असेल, तर त्याला तेवढं द्या. आणि एखाद्याचा नुसता आवाज ऐकून त्याला गुंड ठरवण्याआधी, तो कोणाच्या हातात आहे आणि काय कापतोय, ते जवळ जाऊन बघा. ट्रॅव्हिस दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने तेच केलं.

परवाची गोष्ट. ओटो आता एक्क्याऐंशीचा आहे. त्याची बोटं थरथरतात. चाकांवरच्या घराच्या पायरीवर बसून तो पीचच्या पेटीची दोरी कापायला बापाचा घडीचा चाकू उघडत होता. नख खाचेत बसेना. एकदा, दोनदा, चारदा. मग त्याने तो मुकाट्याने खिशात टाकला आणि व्हर्लाकडे न बघता हात पुढे केला.

"दे गं ते तुझं खेळणं."

व्हर्लाने मला त्याच्या तळहातावर ठेवलं. "खेळणं नाही, बाबा."

"माहीत आहे," ओटो म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.